नवव्या गाण्यात कोण खोकतं?

आचरा
२ नोव्हेंबर

चि. निहार,

चौतीस वर्षांच्या, टक्कल पडू लागलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना मलाच हसू येतंय. पण मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि हा हक्क मी सोडणार नाही. टकलाची बातमी आईने दिली. तू दर रविवारी तिच्याशी फोनवर बोलतोस, ती फोन ठेवते आणि मला सगळं सांगते. सांगून झालं की म्हणते, "त्याका सांगू नको हां, मी तुका सांगलंय म्हणान." माझा फोन तू उचलत नाहीस. माझे मेसेज जात नाहीत. पोस्टाला अजून ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तिरफळचा नवा अल्बम आला. थांब, लगेच कागद चुरगळू नकोस. बॅंडचं नाव वाचूनच तुझं डोकं फिरणार हे मला ठाऊक आहे. विनीतचं नाव तर मी अजून लिहिलंही नव्हतं. आता लिहिलं.

तेरा वर्षांनी, निहार! 'पत्रे' आणि 'सायेब जेवक गेलो' असे दोन अल्बम काढून जो बॅंड संपला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, त्याने नऊ नवी गाणी केलीत. अल्बमचं नाव 'वेशीबाहेर'. फोनवर ऐकता येतोच, पण विनीतने हट्टाने दोनशे सीडीही काढल्या. त्यातली एक तुला वेगळ्या रजिस्टर पार्सलने पाठवते आहे.

तू केलेला नियम मी पाळला. तीनदा ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. पहिल्यांदा आडवं पडून, दुसऱ्यांदा शब्द समोर धरून, तिसऱ्यांदा चुका काढायला. भाई देवळात गेले की बापाचा डोळा चुकवून आपण माळ्यावर चढून कुठल्या कुठल्या गोऱ्या पोरांचा आरडाओरडा ऐकायचो आणि मग एकाच घरात राहून एकमेकांना पोस्टकार्डावर प्रतिक्रिया लिहायचो. एका अख्ख्या अल्बमवर तू एवढंच लिहिलं होतंस: 'ढोल बरो, बाकी कोंबड्यांचा खुराडा.' मी त्याच अल्बमवर दोन कार्डं भरून कौतुक केलं होतं आणि तू ती कार्डं आईला वाचून दाखवलीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा दोन दिवस म्हणजे फार वाटायचे.

माझं तीनदा ऐकून झालंय. तू ऐक, आणि ऐकल्यावर विनीतला एक फोन कर. मला तेवढंच हवंय. त्याचा नंबर बदललेला नाही.

तुझी
बाय


आचरा
९ नोव्हेंबर

निहार,

तुझं ऐकून होईपर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. जमत नाही. शाळेत नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवताना मी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि पोरं हसायला लागली.

आमचा एक ग्रुप आहे फोनवर, 'दाताखाली तिरफळ' नावाचा. त्रेपन्न माणसं. पंक ऐकणारी त्रेपन्न माणसं या जिल्ह्यात निघतील असं आपल्याला कधी वाटलं होतं? अल्बम आल्यापासून तिथे नुसता कल्लोळ आहे. कणकवलीचा दाजी, तो मेडिकलवाला, म्हणतो की पहिलं गाणं ऐकून त्याने गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी पोटाचं औषध दिलं. एकजण मस्कतहून लिहितो की पोरं म्हातारी झाली, ठेका मंदावला. त्यावर तळेऱ्याच्या प्राजक्ताने त्याला असं काही झाडलं की तो दोन दिवस ग्रुपवर फिरकला नाही. प्राजक्ता आठवते ना? तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला सगळ्यात पुढे उभी राहून जिने कानांत बोटं घातली होती आणि तरी जागा सोडली नव्हती, ती.

पहिलं गाणं 'तळेऱ्याचो फाटो'. दोन मिनिटांचं. 'डावो रस्तो दर्यार, उजवो रस्तो घाटार, मी आपलो फाट्यार, गाडी गेली सुटान.' बस, एवढंच, पण विनीत ते असं ओरडतो की गाडी खरंच सुटल्यासारखं वाटतं. चौथं गाणं मला आवडलं नाही, उगाच लांबवलंय. सुशांतचा बेस आता ऐकू येतो, पूर्वी तो वाजवतोय की नुसता उभा आहे ते कळायचं नाही.

ढोलावर नवी मुलगी आहे. आकांक्षा, सावंतवाडीची, तेवीस वर्षांची. छान वाजवते. चुकत नाही. तू चुकायचास. तिसऱ्या ओळीनंतर तू दरवेळी धावत सुटायचास आणि विनीत आणि सुशांत तुला गाठायला मागून धावायचे. कुडाळच्या त्या बंद भातगिरणीत तुम्ही वाजवायचात तेव्हा तुझ्या प्रत्येक ठोक्याला वाशांवरून जुना कोंडा गळायचा आणि घरी येताना आपल्या दोघांच्या केसांत तो असायचा. आई म्हणायची, "खंय गेल्लास रे, बैलांच्या गोठ्यात?" मला ते सगळं फार आठवतंय हल्ली. आकांक्षाच्या ढोलाला काही नाव ठेवायला जागा नाही, पण मला तो धावता ढोल हवाय.

भाईंनीही ऐकलं. मी मुद्दाम मोठ्याने लावलं होतं. ते पडवीत सुपारी सोलत होते. पहिल्या गाण्याला म्हणाले, "ह्यां गाणां काय भांडाण?" दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला विचारलं, "ढोल कोण वाजयता?" मी सांगितलं. त्यावर म्हणाले, "हात हलको आसा." तेरा वर्षांत या घरात ढोलाचा विषय भाईंनी काढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

आणखी एक. श्रावणात प्राजक्ताने तुला आंबोलीला पाहिलं. टपरीवर मका खात होतास म्हणे, एकटाच. म्हणजे बेळगावहून तू आंबोलीपर्यंत येतोस, मका खातोस आणि माघारी जातोस. घाट उतरायला काय होतं रे तुला?

नवव्या गाण्याबद्दल मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तू ऐक.

बाय


आचरा
१६ नोव्हेंबर

निहार,

पार्सल परत आलं. पोस्टातली सावित्री ते माझ्या हातात देताना इतकी अवघडली, जसं काही तिनेच घेतलं नाही. वर शिक्का होता, 'घेण्यास नकार.' ठीक आहे. साध्या पाकिटाला नकार देता येत नाही, ते दाराखालून आत येतंच. वाचलं नाहीस तरी पायदळी तुडवशील, तेवढ्यात चार शब्द दिसतीलच.

मग नवव्या गाण्याबद्दल मीच सांगते. नाव 'तीन दिवस'. गाणं सुरू व्हायच्या आधी चाळीस सेकंद काहीच नाही. म्हणजे असं वाटतं. दाजीला वाटलं सीडी खराब निघाली. नीट ऐकलं की लांबून माडाची झाप पडल्याचा आवाज येतो. कुठल्यातरी दाराची कडी वाऱ्याने हलते. कुत्रं नाही, कोंबडं नाही, भांडं नाही, माणूस नाही. मग पाखाडीच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून कोणाची तरी चपलांशिवायची पावलं येतात, थांबतात, आणि तो माणूस खोकतो.

ग्रुपवर दोन दिवस एकच चर्चा: नवव्या गाण्यात कोण खोकतं? कोणी म्हणालं विनीत, कोणी म्हणालं सिनेमातून उचललंय. मी पहिल्यांदा नियमाप्रमाणे आडवी पडून ऐकत होते, त्या खोकल्याला उठून बसले. एकवीस वर्षांचा होतास तू. तुझा तेव्हाचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही, निहार, फोटो आहेत, आवाज नाही. मी रडले. त्यात लपवण्यासारखं काय आहे.

सीडीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा बारीक अक्षरात छापलंय: 'तीन दिवस. आवाज: निहार.'

मस्कतवाल्याने विचारलं, ही कुठली जागा, इतकी शांत? तेव्हा मी लिहिलं की हा आमचा गाव आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा आचरा तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी घेऊन. त्याला गावपळण म्हणतात. त्या तीन दिवसांत गावात कोणी थांबायचं नाही आणि कोणी आत जायचं नाही. मी एवढंच लिहिलं. त्या गावपळणीत भरदुपारी एकजण विनीतचं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आत गेला होता हे मी लिहिलं नाही.

पण तुला मी विचारते. भाईंनी ते यंत्र विनीतच्या अंगावर फेकलं आणि त्याने ते उचलून घेतलं, तेव्हापासून ते चाळीस सेकंद त्याच्याकडे होते. तू त्याला कुडाळात सगळ्यांसमोर चुगलखोर म्हणालास. त्याच्याशी बोलणं टाकलंस, मी त्याच्याशी बोलते म्हणून माझ्याशीही टाकलंस. आणि तो तेरा वर्षांनी तुझं नाव छापतो. ज्याने तुला पकडून दिलं तो माणूस असं करेल का? विचार कर जरा. विनीतने सांगितलं नव्हतं, निहार. मला माहीत आहे.

बाय


आचरा
२३ नोव्हेंबर

निहार,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटली. 'मला माहीत आहे.' कसं माहीत आहे ते लिहायची हिंमत झाली नाही. आज लिहिते.

भाईंना मी सांगितलं होतं.

विनीत नव्हे, सुशांत नव्हे. मी. त्या दुपारी मी वेशीवरच्या व्हाळाच्या पाण्यात ताटं घासत होते. आपल्या झोपडीत जेवणं झाली होती, विनीत आणि सुशांत पाहुणे म्हणून आले होते, पलीकडच्या झोपड्यांत बायकांच्या फुगड्या चालल्या होत्या. तू खांद्याला पिशवी लावून व्हाळात उतरलास. मी विचारलं, मी येऊ? तू म्हणालास, "बाय, तू हयच रव. एकट्याच्याच पावलांचो आवाज होयो." आणि पलीकडे गेलास.

थोड्या वेळाने भाई आले. "निहार खंय गेलो?" मी माहीत नाही म्हणाले असते तर ते पुढे गेले असते. मी वेशीकडे बोट केलं.

का केलं, तर भीतीने, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगत आले आहे. भीती होतीच. एवढं बीएस्सी करून मी पोरांना विज्ञान शिकवते, पण त्या तीन दिवसांतला तो मुका गाव वेशीवरून बघितला की मी अजूनही पटकन पाठ फिरवते. तुला आत काही झालं असतं तर, असं वाटलं. ते खरं आहे. पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मला तुझा राग आला होता. 'तीन दिवस'चे शब्द कोणी लिहिले होते? मी. पुढच्या आठवड्यात तुम्ही पणजीला रेकॉर्डिंगला जाणार होतात. भाई म्हणाले, तीन पोरग्यांबरोबर मुलीने जायचं नाही. आणि तू मान खाली घालून म्हणालास, भाई म्हणतात ते बरोबर आहे. निदान एकदा तरी नाही म्हणायचं होतंस रे. मी तेवढ्यासाठी किती वाट बघितली होती. आणि वर, एकट्याच्याच पावलांचा आवाज.

म्हणून बोट केलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं, पण काहीतरी व्हावं असं वाटलं होतं. खरं ते हे आहे.

पुढचं तुला माहीत आहे. तू वेशीतून बाहेर आलास आणि भाईंनी सगळ्यांसमोर तुझ्या कानाखाली मारली. गाव काही म्हणालं नव्हतं. मानकरी तर म्हणाले, "पोरगो चुकलो. नारळ ठेवया, गाऱ्हाणां घालूया, मिटलां." नारळ ठेवला, गाऱ्हाणं झालं, देवापुरतं खरंच मिटलं. भाईंचं मिटलं नाही. माझ्या घरात पाय ठेवायचा नाही म्हणाले. ते तिथून निघून गेले आणि तू गाल धरून एकच विचारत होतास, "कोणी सांगल्यान?" एकेकाच्या तोंडाकडे बघत होतास. माझ्यापर्यंत आलास तेव्हा तुझी नजर थांबलीसुद्धा नाही. मी असेन असं तुझ्या मनातच आलं नाही. ती सरळ विनीतवर गेली आणि तिथेच राहिली. मी तोंड उघडलं नाही.

चौथ्या दिवशी परतीचा कौल झाला आणि सगळा गाव गुरंढोरं घेऊन घरी निघाला. मी कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन मागे वळून बघितलं. मोडलेल्या झोपड्यांमध्ये तू एकटा बसला होतास. मला धावत परत यावंसं वाटलं आणि मी आले नाही.

नंतर तू म्हणालास, विनीत किंवा मी, एक निवड. माझ्या गुन्ह्यासाठी मी त्याला कशी वाळीत टाकणार होते? आणि का टाकत नाही ते तुला कसं सांगणार होते? म्हणून तुला वाटलं, बाय त्याच्या बाजूची.

माफ कर असं लिहायला घेतलं होतं. ते तेरा वर्षांपूर्वी व्हाळावर म्हणायचं होतं, आता फारच स्वस्त वाटतं.

भार्गवी


आचरा
१४ डिसेंबर

निहार,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नाही. पण पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

गेल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी कुडाळला गेले आणि विनीतला सांगितलं. गिरणीसमोरच्या टपरीवर, चहा पिता पिता. तो आधी हसला, त्याला चेष्टा वाटली. मग ग्लास खाली ठेवला. "तेरा वर्षां गो बाय," म्हणाला. "तेरा वर्षां ह्या कुडाळात लोक माका बघून आवाज बारीक करतत. मित्राक विकल्यान म्हणतत. आणि तू दर दिवाळेक माझ्या घराकडे फराळाचो डबो घेवन येय होतंस." तो चहा अर्धा टाकून निघून गेला. आठवडा झाला, त्याने माझ्या ग्रुपवरच्या प्रतिक्रियांनाही उत्तर दिलेलं नाही. बरोबरच आहे.

घरी भाईंना आणि आईला सांगितलं. म्हणजे कोणी सांगितलं ते भाईंना माहीत होतंच, पण तू विनीतला दोष दिलास आणि मी तो देऊ दिला, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं तुम्हा मित्रांचं गाण्यावरून बिनसलं. आई म्हणाली, "तुमचां काय ता तुमी बघा. माका माझो झील होयो." आणि आत जाऊन फोडणी टाकली, करपवली. भाईंनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं आता माझ्यावर ओरडणार. मग म्हणाले, "बोट तू दाखयलंस. हात मी उचललंय." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

भाई थकलेत. आई तुला हे फोनवर सांगत नसेल. पाखाडी चढताना दोनदा थांबतात आणि थांबलेले दिसू नये म्हणून माडाकडे बघत उभे राहतात.

विनीतला फोन कर. हे मी आता स्वतःसाठी मागत नाही.

भार्गवी


आचरा
११ जानेवारी

निहार,

प्राजक्ताचा काल फोन आला, किंचाळतच. "गिरणीतसून धावतो ढोल ऐकाक येता गो!" ती कुडाळला गेली होती. गिरणीबाहेर रस्त्यावर उभी राहून तिने अर्धा तास ऐकलं. मला तिने फोन धरून ऐकवलं. नीट काही ऐकू आलं नाही, नुसती खरखर, पण तिसऱ्या ओळीनंतर ठेका सुटला आणि बाकीचे मागून धावले. तेवढं मला कळलं. मी कपडे वाळत घालत होते, हातातला पिळा तसाच धरून उभी राहिले.

मग विनीतनेही मेसेज केला. महिन्याभरानंतरचा पहिलाच, आणि एका ओळीचा. 'इलो. आठ दिवसांमागे पण इल्लो.' म्हणजे दोनदा घाट उतरलास. कुडाळपर्यंत आलास आणि तिथून माघारी गेलास. आचऱ्याला आला नाहीस.

ग्रुपवर आनंदाला उधाण आलंय. दाजीने सगळ्यांना पेढे पाठवायचं जाहीर केलंय. मस्कतवाला तिकीट काढतोय. 'पुढल्या अल्बमला कोण, आकांक्षा की निहार' यावर भांडणं लागलीत, आणि आकांक्षाने स्वतःच लिहिलं की दोन ढोल ठेवा. मला ही मुलगी आवडायला लागली आहे. मला एवढा आनंद झालाय आणि त्यातला माझा वाटा कुठला ते मला ठरवता येत नाही.

माझ्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस याबद्दल तक्रार नाही. पत्रं वाचलीस हे कळलं, तेवढं पुरे. विनीत तुला परत मिळाला. माझ्यावरचा राग तू बाळग, तो तुझा हक्क आहे, आणि किती वर्षं ते मी सांगणार नाही.

पण एक गोष्ट लिहायला हवी. तू पहिल्यांदा कुडाळला आल्याचं भाईंना माझ्याही आधी कुठूनतरी कळलं होतं. मला म्हणाले, "कुडाळाक इलो म्हणान आयकलंय." मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, तसंच मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि सकाळपासून पडवीत बसले. मी विचारलं, कुठे जाताय? "खंय नाय. बसलंय." दुपारी जेवायला आत आले, पुन्हा बाहेर जाऊन बसले. दिवे लागायच्या वेळी सदरा काढून खुंटीला लावला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सदरा. आज आठवा दिवस आहे, निहार. 

तुला यायला माझी अडचण होत असेल, हे मला समजतं. दारात मीच उभी असेन या विचाराने तू कुडाळहून परत फिरत असशील. म्हणून मी असं ठरवलंय की येत्या शुक्रवारी शाळा सुटली की मी तळेऱ्याला प्राजक्ताकडे जाणार. शनिवारची रजा टाकली आहे, शनिवार, रविवार तिथेच राहीन. घरी फक्त आई आणि भाई असतील. आईला मी सांगितलंय की प्राजक्ताची तब्येत बरी नाही, तूही तेच सांग.

सोमवारी शाळा आहे, तेव्हा सकाळच्या पहिल्या गाडीने मी परत येईन. आठच्या सुमारास गावच्या तिठ्यावर उतरते. त्याआधी निघायचं की थांबायचं, ते तू ठरव.

भार्गवी